बगळीचा तिसरा ठोका

“ढकला! अरे वरुण, गाडी ढकलायची आहे, नुसता हात लावून नमस्कार नाही करायचा!”

“मी ढकलतोच आहे, अनुयाताई! मतलब, पूरा जोर लावलाय!”

खातीपुऱ्याच्या पुलाचा चढ सुरू होतो ना, अगदी तिथेच बगळी बंद पडली होती. मे महिन्यातली सकाळ असली तरी नऊ वाजताच जयपूरचं ऊन पाठीवर चटके देत होतं. मागे रिक्षा, स्कूटर, उसाने भरलेली एक उंटगाडी अशी रांग लागली होती आणि उंट सोडून सगळेच भोंगे वाजवत होते.

बगळी म्हणजे सरोजिनी आत्याची जुनी, पांढरी, चार माणसांची मोटार. हे नाव छोट्या मितालीने ठेवलेलं. आत्या गाडीत सुकाणू धरून बसली होती. कपाळावर घाम, पण चेहरा शांत. एक स्कूटरवाला शेजारून जाताना मान वळवून ओरडला, “माताजी, घर पे रोटी बनाओ, रोटी!”

नऊ वर्षांची मिताली फुटपाथवर आत्याची पर्स सांभाळत उभी होती. तिने कमरेवर हात ठेवले. “रोटी भी बनाती हैं, गाड़ी भी चलाती हैं! आपको क्या आता है?”

स्कूटरवाल्याला बहुतेक काहीच येत नसावं. तो गुपचूप पुढे गेला.

गाडी एकदाची कडेला लागली. आत्याने पाच मिनिटं थांबून पुन्हा किल्ली फिरवली. बगळी सुरू झाली, पण कशी? फट्... फट्... थर्र... फट्! जणू लंगडत चाललेलं माणूस. आरशाला लटकवलेलं लिंबू-मिरची त्या थरथरीने नाचत होतं.

“घरी जाऊया,” आत्या म्हणाली आणि तिने गाडी वळवली.

अनुया तेरा वर्षांची. सुट्टीसाठी अकोल्याहून आठवड्यापूर्वीच शास्त्रीनगरला विनयकाकांकडे आली होती. वरुण आणि मिताली ही काकांची मुलं. दोघंही जयपुरातच वाढलेली, त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळायची की अनुयाला हसू आवरायचं नाही. सुनंदाकाकू सांगलीला माहेरी गेल्या होत्या आणि घर सांभाळत होती विनयकाकांची थोरली बहीण, सरोजिनी आत्या.

आत्या चोपन्न वर्षांची. गाडी चालवायला शिकली ती बावन्नाव्या वर्षी! दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. लायसन्स हातात आलं त्या दिवशी तिने गल्लीतल्या सगळ्यांना पेढे वाटले होते. आणि आता येत्या सोमवारपासून खातीपुऱ्याच्या महिला केंद्रात ती शिवण शिकवणार होती. रोज सकाळी आठ वाजता, दोन शिवणयंत्रं डिकीत घालून. बुधवारची ही खेप म्हणजे नुसती रस्त्याची रंगीत तालीम होती.

ती तालीम अशी झाली.

संध्याकाळी विनयकाका ऑफिसमधून आले. ते विमा कंपनीत मोठे अधिकारी. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“ताई, मी काय सांगत होतो? सी-स्कीम भागातल्या गॅरेजवाल्याने स्पष्ट सांगितलंय. तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस, म्हणून इंजिन खराब झालं. आता या रविवारी तो गिऱ्हाईक घेऊन येणार आहे. विकून टाकू.”

“आणि माझा वर्ग रे?” आत्याने विचारलं.

“रिक्षाने जा ना!”

“दोन शिवणयंत्रं मांडीवर घेऊन?”

काकांनी वर्तमानपत्र उघडलं. आत्या उठली, बगळीची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, “बरं. मी आता तिला हात लावणार नाही.”

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं, असं अनुयाला वाटलं. पण ती अगदी हळू बोलली. अनुया वरुणला गच्चीवर घेऊन गेली. मिताली न बोलावता मागोमाग आली.

“आत्याच्या पायाने गाडी बिघडली हे मला पटत नाही,” अनुया म्हणाली. “मंगळवारी काका स्वतः चालवत होते. तेव्हा फट्‌फट् झाली की नाही?”

“झाली! पापा म्हणाले, रस्ता खराब आहे.”

“बघ! आत्या चालवते तेव्हा पाय खराब, काका चालवतात तेव्हा रस्ता खराब! आज बुधवार. रविवारपर्यंत खरं कारण शोधायचं. ठरलं?”

“ठरलं!” वरुणने हात पुढे केला. मितालीने दोन्ही हात ठेवले, कारण एक पुरेल की नाही याची तिला खात्री नव्हती.

*

गुरुवारी सकाळी काकांनी जाहीर केलं की विकण्याआधी गाडी एकदा सी-स्कीममध्ये नेऊन ‘पूर्ण तपासणी’ करणार आणि चारही प्लग नवे टाकून घेणार. सी-स्कीममधलं ते गॅरेज मोठं झकपक होतं. काचेचं दार, थंड हवा, आणि मालक गळ्यात टाय बांधून बसायचा. मुलांनी त्याला ‘टायवाले भैया’ असं नाव ठेवलं होतं. पंधरा दिवसांत बगळी तिथे दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळा तो म्हणाला, “एकदम ओके, सर!” आणि दोन्ही वेळा ती गल्लीच्या तोंडाशीच फडफडली.

“तो खरंच काही करतो का?” अनुया पुटपुटली.

“कसं कळणार?” वरुण म्हणाला. “प्लग तर सगळे सेम दिसतात.”

अनुयाचे डोळे चमकले. “मिताली! तुझ्या आईच्या कपाटात नखांना लावायचा रंग आहे?”

“लाल आहे आणि गुलाबी आहे. पण मम्मी मारेल!”

“मम्मी सांगलीला आहे. लाल आण!”

काका अंघोळीला गेल्याबरोबर तिघांनी बॉनेट उघडलं. इंजिन रात्रभर बंद होतं, थंडगार होतं. वरुणला इंजिनाची बरीच माहिती होती. शाळेत त्याने पुठ्ठ्याचं इंजिन बनवलं होतं.

“हे चार सिलिंडर,” तो बोट दाखवत म्हणाला. “प्रत्येकात पेट्रोल आणि हवा जाते. प्लग ठिणगी टाकतो, धडाम् होतं, आणि त्या धक्क्याने गाडी चालते. प्रत्येक प्लगला ही जाड काळी वायर वीज आणून देते. एक जरी धडाम् चुकलं की गाडी लंगडते. मेकॅनिक लोक म्हणतात, गाडी मिसिंग मारतेय.”

“धडाम्!” मिताली खूश होऊन म्हणाली.

वरुणने एकेक वायरीची टोपी वर ओढली. आत प्लगचं पांढरं डोकं दिसलं. अनुयाने त्या चारही डोक्यांवर लाल रंगाचा एकेक ठिपका दिला. छोटा, मोहरीएवढा. रंग वाळला, टोप्या परत बसल्या आणि काका ‘किल्ली कुठे आहे?’ म्हणत बाहेर आले तेव्हा तिघं अंगणात लंगडी खेळत होती.

गुरुवारी संध्याकाळी गाडी परत आली. काका सांगत होते, “नवे प्लग, चारही! कार्बोरेटर साफ! आता जे काही उरलंय ते इंजिनातच. तो म्हणतो, विका.”

ते घरात गेले. टोप्या वर आल्या. चारही प्लगवर लाल ठिपके जसेच्या तसे!

“चोर!” वरुण उडालाच. “चल, पापांना सांगू!”

“थांब,” अनुयाने त्याचा शर्ट धरला. “आता सांगितलं तर काय होईल? काका त्याच्याशी भांडतील. पण आत्यावरचा आळ जाईल का? गाडी तर अजून फडफडतेच आहे. आधी दुखणं शोधायचं, मग चोर पकडायचा.”

“शोधणार कोण? आपण?”

“नाही. चांगला मेकॅनिक.”

“आणि तो चांगला आहे हे कसं ओळखायचं? बोर्ड तर सगळ्यांचेच चांगले असतात!”

खरंच, कसं ओळखायचं? मग अनुयाला अकोल्याचे डॉक्टर आठवले. तिला ताप आला की ते गोळी द्यायच्या आधी किती प्रश्न विचारायचे! कधीपासून? थंडी वाजते का? काय खाल्लं होतंस?

“सुचलं!” ती म्हणाली. “आपण सगळ्यांना एकच सांगायचं: गाडी मिसिंग मारते, काय करू? जो न विचारता लगेच औषध सांगेल, त्याच्यावर फुली. जो उलट आपल्यालाच प्रश्न विचारेल, तो आपला!”

*

शुक्रवारी सकाळी आत्याने दहा वाजेपर्यंतच बाहेर राहायची परवानगी दिली. डोक्याला ओले रुमाल बांधून दोन सायकली निघाल्या. मिताली वरुणच्या मागे बसली होती. फुल्या मारायचं काम तिचं, कारण तिला वहीत लिहायला फारसं आवडत नसलं तरी फुल्या मारायला फार आवडायचं.

पहिला म्हणाला, “कार्बोरेटर गया. नया डालो.” फुली.

दुसरा म्हणाला, “पेट्रोल में पानी है.” फुली.

तिसऱ्याने वर न बघताच सांगितलं, “इंजन खोलना पड़ेगा.” मितालीने इतक्या जोरात फुली मारली की कागद फाटला.

चौथा म्हणाला, “पहले गाड़ी लाओ, फिर देखेंगे.”

“हा तसा खोटं नाही बोलला,” वरुण म्हणाला. बरीच चर्चा झाली आणि त्याला अर्धी फुली मिळाली.

पाचवा आणि सहावा आपसातच भांडत होते. त्यांना मिळून एक फुली.

साडेआठ वाजले. मितालीचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता. ते रिक्षा स्टँडजवळ पाण्याच्या माठापाशी थांबले. तिथे तीन रिक्षावाले गप्पा मारत होते. अनुयाने पाणी पिता पिता विचारलं, “भैया, तुमची स्वतःची रिक्षा बिघडली की तुम्ही कुणाकडे जाता?”

“दशरथजी!” तिघेही एकदम म्हणाले. “खातीपुरा, स्टेशन के पास, नीम के नीचे.”

कडुनिंबाखाली बोर्ड नव्हता, काचेचं दार नव्हतं. एक पिंप, एक लाकडी पेटी आणि गुडघ्याशी धोतर खोचलेले, पांढऱ्या मिशांचे दशरथजी. ते एका जीपखाली आडवे झाले होते. फक्त पाय दिसत होते.

अनुया त्या पायांशीच बोलली. “दशरथजी, आमची गाडी मिसिंग मारते. काय करू?”

जीपखालून आवाज आला, “ठंडी में या गरम होने के बाद?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रश्न!

“खड़ी-खड़ी भी, या सिर्फ चढ़ाई पे?”

दुसरा प्रश्न! मिताली उड्या मारायला लागली. मग दशरथजी स्वतःच बाहेर आले, चिंधीला हात पुसले आणि शेवटचं विचारलं, “पहली बार कब हुआ? और उसके दो-तीन दिन पहले गाड़ी के साथ घर में नया क्या हुआ?”

“ते... ते माहीत नाही,” अनुया अडखळली.

“तो पता करो, बेटा. कल सुबह गाड़ी ले आना. गाड़ी मैं देखूँगा, घर तुम देखो.”

मितालीने वहीत फुलीच्या जागी मोठ्ठा सूर्य काढला.

*

घर बघायचं म्हणजे काय बघायचं? अनुयाने गाडीपासून सुरुवात केली. दार उघडलं तशी गरम हवा अंगावर आली आणि तिच्याबरोबर एक वास. हिंगाचा! पेट्रोलचा नाही, ऑइलचा नाही, चक्क हिंगाचा.

“मागची सीट मला टोचते,” मिताली म्हणाली. “मी कधीची सांगते, कुणी ऐकतच नाही!”

मग स्वयंपाकघरातली दिनदर्शिका. आत्या तिच्या चौकोनांत बारीक अक्षरात सगळं लिहायची. अनुया बोट ठेवत वाचू लागली. “८ मे. आंधी. गच्चीवरच्या कुरडया मातीत गेल्या. ९ मे. उरलेला चीक शिजवला. १३ मे. गाडी पहिल्यांदा फडफडली.”

“आंधीची धूळ इंजिनात गेली असेल!” वरुण म्हणाला.

“असेल,” अनुया म्हणाली खरी, पण आंधी तर सगळ्या जयपुरात आली होती. सगळ्या गाड्या कुठे लंगडत होत्या? तिने तारखा वहीत उतरवून घेतल्या.

आता सर्वांत कठीण काम राहिलं होतं. शनिवारी सकाळी काका ऑफिसला गेल्यावर अनुयाने खिळ्यावरची किल्ली काढली आणि आत्याच्या समोर धरली.

“नाही ग,” आत्या कणीक मळत म्हणाली. “मी शब्द दिलाय.”

“आत्या, तू तिसऱ्यांदा लायसन्सच्या परीक्षेला बसलीस तेव्हा सगळे काय म्हणत होते?”

“पुरे कर म्हणत होते.”

“मग?”

आत्याने कणकेचे हात धुतले. पदर खोचला. किल्ली घेतली. “बसा गाडीत. पण पुलावर बंद पडली तर तुम्हालाच ढकलावी लागेल हं!”

पूल आला. बगळी थरथरली. फट्... फट्! मागून बस भोंगा वाजवत होती. “आत्या, थांबू नकोस!” वरुण ओरडला. आत्या थांबली नाही. तिने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, ओठ घट्ट मिटले आणि अर्धा चढ, पाऊण चढ... बगळी धापा टाकत माथ्यावर पोचली! गाडीत असा जल्लोष झाला की बसचा भोंगासुद्धा ऐकू आला नाही.

दशरथजींनी आधी अनुयाची वही ऐकून घेतली. थंड असतानाही फडफडते, गरम असतानाही. उभी असताना थोडी, चढावर फार. पहिल्यांदा तेरा तारखेला. मग त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं, रबरी मुठीची पकड घेतली आणि मुलांना दोन पावलं मागे सारलं. “हाथ नहीं लगाना. झटका लगेगा. सिर्फ कान लगाओ.”

त्यांनी पहिल्या प्लगची टोपी उचलली. इंजिन आणखी लंगडलं. परत बसवली. “यानी ये काम कर रहा था.” दुसरी उचलली. पुन्हा लंगडलं. परत बसवली. तिसरी उचलली...

“काहीच बदललं नाही!” अनुया ओरडली. “आवाज तसाच आहे! म्हणजे तिसरा मुळात कामच करत नव्हता!”

“शाबाश,” दशरथजी मिशीत हसले.

त्यांनी इंजिन बंद केलं. तिसरा प्लग काढून दुसऱ्याच्या जागी लावला आणि दुसरा तिसऱ्याच्या. त्या लाल ठिपक्यांकडे बोट दाखवून विचारलं, “ये बिंदी किसने लगाई?” वरुणने सगळी हकिकत सांगितली तेव्हा ते इतके हसले की पिंपावर टेकून बसावं लागलं. अनुयाने हात जोडले. “दशरथजी, हे ठिपके पुसू नका. उद्या लागतील!”

गाडी पुन्हा सुरू झाली. तरीही तिसराच मुका. म्हणजे प्लगचा दोष नव्हता. दशरथजींनी खाटेवरची जाड गोधडी आणली आणि उघड्या बॉनेटवर टाकली. त्या अंधारात तिघांनी डोकी घातली.

“बाप रे!” वरुण कुजबुजला.

तिसऱ्या वायरीच्या खालच्या अंगाला निळी ठिणगी नाचत होती. टिक्... टिक्... टिक्! वीज प्लगपर्यंत पोचायच्या आधीच वाटेत इंजिनाच्या लोखंडावर उडी मारत होती.

इंजिन बंद करून ती वायर बाहेर काढली. वरून धडधाकट होती. उलटी केली, तर रबर कुरतडलेलं! बारीक बारीक दातांच्या खुणा.

“चूहा,” दशरथजी म्हणाले. “पर चूहा गाड़ी में क्यों आया? खाना तो यहाँ है नहीं.”

त्यांनी बॅटरीमागच्या फटीत हात घातला आणि चिंध्यांचं, कागदाचं एक घरटं बाहेर काढलं. त्यात पांढऱ्या, कडक काड्यांचे तुकडे होते. “ये क्या? सेवइयाँ?”

अनुयाने एक तुकडा उचलला. वास घेतला. हिंग! तिच्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. आंधी, चीक, टोचणारी सीट. आणि तिचा चेहरा पडला. आत्याची बाजू घ्यायला निघालेली ती, आणि दुखणं शेवटी कुठून निघालं?

तेवढ्यात आत्याच पुढे आली. तिने तो तुकडा हातात घेतला. “कुरडई आहे. माझीच.”

“आत्या!”

“गच्चीवरचा सगळा घाणा आंधीने मातीत घातला. तीन दिवस भिजवलेले गहू, इतकी मेहनत! मग बघते, तर बंद गाडीत काय ऊन तापतंय! ना धूळ, ना माकड. मागच्या सीटवर जुनी साडी पसरली, काचा बोटभर खाली ठेवल्या आणि चार दुपारी कुरडया वाळवल्या. अशा खडखडीत वाळल्या म्हणून सांगू! विनय ओरडेल म्हणून बोलले नाही.” तिने मान खाली घातली. “म्हणजे गाडी मीच बिघडवली.”

दशरथजींना वरुणने सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “बहनजी, चूहे को दावत आपने दी, ये सही. पर ये बताइए, पुल पर गाड़ी किसने चढ़ाई?”

“मी. मैंने.”

“तीन सिलिंडर पर? रुके बिना?” त्यांनी आत्याला हात जोडले. “क्लच देख लिया मैंने. एकदम ठीक है. गाड़ी चलाने में आपकी कोई गलती नहीं है.”

आत्याने पटकन पदराने डोळे टिपले आणि धूळ गेली म्हणाली.

नवी वायर बसली. किल्ली फिरली. आणि बगळी गायला लागली! एकसारखं, मऊ, घुर्रर्र. लिंबू-मिरची अगदी निवांत लटकत राहिली.

*

रविवारी दहा वाजता टायवाले भैया गिऱ्हाईक घेऊन हजर झाले. काका त्यांना घेऊन अंगणात आले. तिघं पोरं बगळीसमोर ओळीने उभी होती.

“सर, इंजन तो गया समझिए,” टायवाले भैया सांगत होते. “हमने चारों प्लग नए डाले, फिर भी...”

“चारही?” अनुयाने अगदी साळसूदपणे विचारलं. “तुम्ही स्वतः घातले, भैया?”

“अपने हाथ से, बेटा!”

“आणि जुने फेकून दिले?”

“बिल्कुल! कचरे में!”

वरुणने बॉनेट उघडलं. मितालीने खिशातून नखरंगाची बाटली काढून उंच धरली. अनुयाने एकेक टोपी वर ओढली. “काका, हे लाल ठिपके आम्ही गुरुवारी सकाळी, तुम्ही अंघोळ करत होता तेव्हा दिले होते. कचऱ्यातले प्लग परत चालत आले वाटतं!”

काका वाकले. त्यांनी एक ठिपका बघितला, दुसरा बघितला, मग टायवाल्या भैयांकडे बघितलं. भैयांचा टाय एकाएकी घट्ट झाला असावा. ते तो सैल करू लागले.

“वो... लड़के ने शायद...”

“आताच तर म्हणालात, अपने हाथ से!” मिताली किंचाळली.

अनुयाने टोप्या घट्ट बसवल्या, बॉनेट लावलं आणि आत्याला खूण केली. आत्या गाडीत बसली. किल्ली फिरवली. घुर्रर्र! काकांनी दचकून बॉनेटवर हात ठेवला. थरथर नव्हती.

“ये तो अच्छी चल रही है!” गिऱ्हाईक म्हणालं. “मैं लेता हूँ!”

“गाडी विकायची नाही,” काका म्हणाले. मग टायवाल्याकडे वळले. “तुम्ही निघा. उद्या मी येतो, आणि मोठ्याने बोलायला येतो.”

फाटक वाजलं. अनुयाने कुरतडलेली वायर काकांच्या हातात दिली. तिला पुढचं सांगायचं होतं, पण आत्या आधीच खाली उतरली होती.

“विनय, एक ऐक. गाडीत कुरडया मी वाळवल्या. त्यांच्या वासाने उंदीर आला आणि त्याने ही वायर खाल्ली. ती चूक माझी. पण गाडी चालवण्यात माझी चूक नव्हती.”

काकांनी ती वायर उलटसुलट करून पाहिली.

“ताई,” ते म्हणाले, “वीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांच्या विम्याची चौकशी करतोय. कुणी सांगितलं म्हणून एक कागद पुढे सरकवत नाही. आणि घरच्या गाडीची वेळ आली तेव्हा एका टायवर विश्वास ठेवला, तुझ्यावर नाही.” मग ते मुलांकडे वळले. “आणि तुम्ही! माझ्या ऑफिसातल्या पाच माणसांना जमलं नसतं ते तुम्ही चार दिवसांत केलंत. शाबास! फक्त सुनंदाच्या बाटलीतला रंग किती उरलाय ते बघा, नाहीतर तीही चौकशी होईल.”

सोमवारी सकाळी साडेसातला शिवणयंत्रं डिकीत चढली. आत्या सुकाणूवर, वरुण तिच्या शेजारी, मुली मागे. तेवढ्यात काका बॅग घेऊन धावत आले आणि मागच्या सीटवर मितालीशेजारी बसले. “मलाही सोड ताई, ऑफिसपर्यंत.”

“तुझं ऑफिस उलट दिशेला आहे रे!”

“मग आधी तुझा वर्ग, मग मी तिकडून रिक्षा करतो.”

पुलाचा चढ सुरू झाला. काकांनी एका हाताने दाराची मूठ गच्च पकडली. बगळी चढत गेली. एक धक्का नाही, एक फट् नाही. माथ्यावर पोचेपर्यंत काकांची मूठ आपोआप सुटली. ते आरामात मागे टेकले, आणि... कडाम्!

“हे काय फुटलं?” ते ओरडले.

मितालीने वाकून त्यांच्या पाठीमागच्या फटीत बोटं घातली आणि हिंगाच्या वासाचा एक पांढरा तुकडा वर काढला.

“कुरडई!” सगळे एकदम म्हणाले.

“दे इकडे,” काका म्हणाले. “उंदरांना आमंत्रण नको परत.” आणि कच्चीच तोंडात टाकून कुडुम् कुडुम् चावू लागले. आत्या खो खो हसली, पण बगळी मात्र रेषेत, सरळ चालली होती.